एक खतावणी, अनेक हात

आजचा भाग लढाईचा नाही, हिशेबाचा आहे. फौज पोटावर चालते म्हणतात, पण दाणागोटा येतो हिशेबातून.

नाना फडणवीसांना आपण मुत्सद्दी म्हणून ओळखतो, पण फडणीस हा हुद्दा मुळात हिशेबाचा. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात 'एल बेरीज' नावाची शाखा होती. निरनिराळ्या खात्यांचे हिशेब तिथे येत आणि जमाखर्चाचा एकंदर मेळ बसे. कारकून अनेक, मोडीतले कागद अनेक, पण अखेरची बेरीज एकाच जागी.

हे तत्त्व मला काशीत पुन्हा उपयोगी पडलं. अहिल्याबाईंनी जिथे विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभारलं, त्या शहरात दुर्गाघाट, ब्रह्माघाट भागात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. निवृत्तीनंतर तिथल्या एका छोट्या संस्थेत मी हिशेब बसवून द्यायला गेलो. संगणक तीन, तिन्हींवर टॅली, पण खतावण्याही तीन! देणग्या एकीकडे, खोलीभाडं दुसरीकडे, किराणा तिसरीकडे. महिनाअखेर पेनड्राइव्हवरून जुळवाजुळव चाले. एकदा जुनी प्रत नव्यावर चढली आणि आठवडाभराच्या नोंदी पुसल्या गेल्या. यात्रेकरूंनी आईवडिलांच्या नावे दिलेले पैसे पावतीपुस्तकात होते, हिशेबात नव्हते. प्रामाणिक कारकुनावर संशय आला.

वेगळा सर्व्हर घेण्याची गरज नव्हती. संगणक एकमेकांना थेट जोडायची सोय विंडोजमध्ये १९९२ पासून आहे. आम्ही एक संगणक 'हुजूर दफ्तर' ठरवला. डेटाचं फोल्डर फक्त त्यावर ठेवलं आणि बाकी दोघांना वायरने, स्विचमार्फत, तिथवर वाट दिली. त्याचा आयपी पत्ता कायमचा ठरवला, नाहीतर पत्ता बदलला की बाकीचे चुकतात. टॅलीचा परवानाही एकाच वेळी अनेकांनी वापरायचा घेतला.

या पद्धतीची मर्यादा ध्यानात ठेवा: मुख्य संगणक बंद, तर सगळ्यांचं काम बंद. म्हणून त्याला यूपीएस हवा, आणि रोज संध्याकाळी हिशेबाची प्रत दुसऱ्या जागी ठेवायला हवी. प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड वेगळा, म्हणजे कोणती नोंद कोणी केली ते कळतं. नोंदीत केलेल्या बदलांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना सक्तीचं आहे. छोट्या संस्थांनी ते आपणहून वापरावं. प्रामाणिक माणसाला त्याचंच संरक्षण मिळतं.

पुढच्या भागात हुंडी: पुण्याचा पैसा काशीला कसा पोचायचा. जय हिंद.