रुग्णालयीन सांडपाण्यातील प्रतिजैव पदार्थांचे निष्कासन
रुग्णांना दिलेल्या अनेक प्रतिजैव पदार्थांचा बराच अंश शरीरात न बदलता मूत्र व विष्ठा यांवाटे बाहेर पडतो. रुग्णालयाच्या सांडपाण्यातून हा अंश वेगळा करणे किंवा त्याचे रेणू निष्क्रिय करणे, यास निष्कासन म्हणतात. पाण्यात राहिलेल्या औषधाच्या अल्प मात्रेमुळेही औषधरोधक सूक्ष्मजंतूंच्या वाढीस अनुकूल परिस्थिती निर्माण होऊ शकते. म्हणून या प्रक्रियेला महत्त्व आहे.

मूत्रातून प्रतिजैव वेगळे काढण्याचा आरंभीचा उद्देश जलशुद्धी हा नव्हता. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथील रॅडक्लिफ इन्फर्मरीत एका पोलिसाला पेनिसिलीन देण्यात आले. साठा अत्यल्प असल्याने त्याच्या मूत्रातील पेनिसिलीन काढून ते त्याला पुन्हा टोचले जाई. तरीही साठा संपला व मार्चमध्ये रुग्ण दगावला. पुढे कारखान्यांतून विपुल उत्पादन होऊ लागल्यावर अशा पुनःप्राप्तीची गरज उरली नाही आणि उत्सर्जित औषध गटारांत जाऊ लागले.

त्या काळची संस्करण पद्धती यासाठी योजलेली नव्हती. आर्डर्न व लॉकेट यांनी १९१४ मध्ये मँचेस्टर येथे मांडलेल्या सक्रियित गाळ पद्धतीत सूक्ष्मजंतूंकरवी कार्बनी द्रव्याचे विघटन होते. क्लोरिनाने रोगजंतू मरतात. मात्र औषधाचा रेणू नष्ट करणे हे यांपैकी कोणत्याही पद्धतीचे उद्दिष्ट नव्हते. रोधकता एका सूक्ष्मजंतूकडून दुसऱ्याकडे संक्रमित होते, हे जपानी संशोधकांनी १९५९ मध्ये दाखविल्यावर प्रश्नाचे गांभीर्य वाढले. कारण गटारात नाना जातींचे सूक्ष्मजंतू एकत्र नांदतात.

स्वित्झर्लंडमधील एका रुग्णालयाच्या सांडपाण्यात दर लिटरमागे ३ ते ८७ मायक्रोग्रॅम सिप्रोफ्लॉक्सासीन असल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. नंतरच्या स्विस अभ्यासांत असे दिसले की, या गटातील औषधे संस्करणात पाण्यातून बव्हंशी निघून जातात. पण ती विघटित न होता गाळास चिकटतात. असा गाळ शेतात टाकल्यास औषध पाण्यातून मातीत जाते. पाण्यातून निघणे म्हणजे नष्ट होणे नव्हे, हा या अभ्यासांचा महत्त्वाचा बोध होय.

यावर तीन उपाय पुढे आले. सूक्ष्मच्छिद्री पटलांनी युक्त जैव संयंत्रात गाळ व सूक्ष्मजंतू अडविले जातात. पण विरघळलेले औषध बऱ्याच अंशी पटलातून पार होऊ शकते. ओझोन रेणूतील द्विबंध व अमाइन गट यांवर आघात करतो. मात्र त्यातून निर्माण होणाऱ्या उपपदार्थांची परीक्षा करावी लागते. सक्रियित कार्बन औषध अधिशोषित करतो. वापरलेला कार्बन जाळावा अथवा पुनरुज्जीवित करावा लागतो. जर्मनीत वाल्डब्रोल येथील रुग्णालयात २००७ मध्ये पटल संयंत्र सुरू झाले. डेन्मार्कमधील हेर्लेव्ह रुग्णालयात २०१४ मध्ये स्वतंत्र संस्करण केंद्र कार्यान्वित झाले.

संस्करण रुग्णालयातच करावे की नगराच्या केंद्रात, याविषयी मतभेद आहेत. रुग्णालयात औषधांची संहती अधिक असते, परंतु एकूण औषधांपैकी मोठा भाग घरोघरी घेतला जातो. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक नागरी केंद्रांत ओझोन वा कार्बनाचा अतिरिक्त टप्पा उभारण्यास प्रारंभ केला. यूरोपीय संघाच्या २०२४ च्या निदेशानुसार अशा टप्प्याच्या खर्चापैकी किमान ८० टक्के भार औषध व सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर आहे.

नवी दिल्लीतील साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये व नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये एनडीएम-१ हे रोधकतेचे जनुक आढळल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातील २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत रुग्णालयीन सांडपाण्यासाठी जैव ऑक्सिजन मागणी (लिटरमागे ३० मिग्रॅ.), निलंबित द्रव्ये इत्यादींच्या मर्यादा आहेत, प्रतिजैव पदार्थांची मर्यादा मात्र त्यांत घातलेली नव्हती. त्यामुळे या मर्यादा पाळणाऱ्या पाण्यातही औषध उरू शकते. त्याचे मापन व निष्कासन यांना नियमांत स्थान मिळणे, हा या विषयातील पुढचा टप्पा ठरतो.