नळदुर्गची भिंत आणि पाण्याचा जोर

आमच्या येडशीकडून तुळजापूरमार्गे लोक पावसाळ्यात नळदुर्गला जातात ते नर-मादी धबधबे बघायला. फोटो निघतात, पण पाणी ज्या भिंतीवरून पडतं तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. बोरी नदीवरचा हा बंधारा किल्ल्याला रणमंडळाशी जोडतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, मीर इमादीन या स्थापत्यकाराने तो बांधला आणि भिंतीच्या पोटातच पाणी महाल बसवला. एका अंगाला अडवलेली नदी आणि दगडाच्या आत माणसांची बैठक!

हे धाडस केवढं, ते हिशेबाने कळतं. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. दहा मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर दहा टन दाब असतो, पृष्ठभागाशी शून्य. सरासरी पाच. म्हणजे भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर पन्नास टन. खोली दुप्पट केली की जोर चौपट, दोनशे टन. तलाव मागे किती लांब पसरलाय याने फरक पडत नाही, खोलीने पडतो. नळदुर्गची भिंत हा जोर स्वतःच्या वजनावर पेलते.

हा हिशेब युरोपात सायमन स्टेविनने १५८६ मध्ये छापला. तेव्हा इब्राहिम विजापूरच्या गादीवर होता. विद्वानांची भाषा लॅटिन असताना स्टेविनने पुस्तक आपल्या डच भाषेत लिहिलं. त्याच्याही आधी, ११२१ मध्ये, मर्वच्या अल-खाझिनीने पाण्यात वजन करण्याच्या तराजूवर अरबीत ग्रंथ लिहिला होता.

भिंत सरळ असेल तर काम सोपं. पृष्ठभाग वक्र असला की प्रत्येक ठिकाणी दाबाची दिशा बदलते. तिथे जोराचे दोन भाग करतात. आडवा भाग त्या वक्राच्या उभ्या सावलीवर पडेल तेवढा, उभा भाग वक्राच्या वर मावणाऱ्या पाण्याच्या वजनाएवढा.

याचा उपयोग पैठणला दिसतो. जायकवाडीचे २७ दरवाजे वर्तुळाच्या कमानीसारखे वाकलेले आहेत. दाब नेहमी पृष्ठभागाला काटकोनात असतो, म्हणून सगळा जोर वर्तुळाच्या केंद्राकडे जातो, आणि दरवाजाची बिजागरी तिथेच असते. त्यामुळे दरवाजा उचलताना यंत्राला पाण्याच्या जोराशी झुंजावं लागत नाही, फक्त लोखंडाचं वजन आणि घर्षण पेलावं लागतं.

नळदुर्ग कुणाचा, यावर आपल्याकडे वाद रंगतात. वर्गात मुलं विचारतात तेव्हा मी राजाचं नाव सांगतो, आणि मीर इमादीनचंही सांगतो. दगड घडवणाऱ्या पाथरवटांची नावं मात्र माझ्याकडे नाहीत. बोरीचं पाणी चारशे वर्षं त्या सगळ्यांच्या कामाची परीक्षा घेतंय, जात-धर्म न विचारता. निकाल उभा आहे.