जांबचे समर्थ आणि त्यांचे मठ

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ या गावी शके १५३० च्या रामनवमीस (इ. स. १६०८) सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी नारायणाचा जन्म झाला. हेच पुढे समर्थ रामदास म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांच्या हयातीचा उत्तरार्ध कृष्णाकाठी गेला. त्यामुळे चाफळ, सज्जनगड ही नावे सर्वतोमुखी झाली आणि मराठवाड्यातील हे जन्मस्थान काहीसे मागे पडले.

घरात रामोपासना होती, वडिलांचे छत्र लवकर हरपले होते. थोरले बंधू गंगाधर हे संप्रदायात 'श्रेष्ठ' या नावाने ओळखले जातात. बारा वर्षांचा नारायण जवळच्याच आसनगावी बोहल्यावर उभा असता 'सावधान' हा शब्द ऐकून निघून गेला, ही कथा मराठी घरांत सर्वांना पाठ आहे. ती परंपरेने आलेली आहे, समकालीन कागदांत तिचा पुरावा शोधू नये. नाशिकजवळ टाकळी येथे त्यांनी बारा वर्षे पुरश्चरण केले व पुढील बारा वर्षे तीर्थाटनात घालवली. या काळातच १६३०-३१ चा भीषण दुष्काळ दख्खनवर कोसळला. समर्थांच्या 'अस्मानी सुलतानी' व 'परचक्रनिरूपण' या प्रकरणांत लोकांच्या विपत्तीचे जे चित्र दिसते, त्याची मुळे या भ्रमंतीत असावीत.

चोवीस वर्षांनी ते जांबला परतले व मातेस भेटले. राणूबाईंची दृष्टी गेली होती आणि पुत्राच्या स्पर्शाने ती परत आली, असे चरित्रकार सांगतात. चमत्कार बाजूस ठेवला तरी त्या घराने दिलेली किंमत लपत नाही. धाकटा मुलुख पालथा घालीत असता घरची पूजाअर्चा, शेतभात आणि वृद्ध माता यांचा भार थोरल्याने वाहिला. जांबचे राममंदिर राहिले ते या घरी राहिलेल्या भावाच्या वंशामुळे.

इ. स. १६४४ च्या सुमारास समर्थ कृष्णाखोऱ्यात आले. मसूर येथे रामनवमीचा उत्सव सुरू झाला आणि १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभे राहिले. तेथील मूर्ती अंगापूरच्या डोहातून मिळाली, असे सांगतात. याच सुमारास आजच्या सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत अकरा मारुतींची स्थापना झाली.

समर्थांचे वेगळेपण मठाच्या रचनेत आहे. मठ म्हणजे जगापासून दूर जाण्याची जागा, हा अर्थ येथे लागू पडत नाही. शिष्याने भिक्षेच्या निमित्ताने गावोगाव हिंडावे, माणसे पारखावीत, कीर्तन करावे, ग्रंथांच्या नकला उतरवाव्यात आणि तयार झाल्यावर दूरच्या प्रांती महंत म्हणून जावे, असा हा क्रम होता. महंत कसा असावा, याची लक्षणे 'दासबोधा'च्या वीस दशकांत व दोनशे समासांत वारंवार येतात. लेखनिक कल्याण यांनी सीना नदीकाठी डोमगावचा मठ सांभाळला, उद्धव यांच्याकडे टाकळी आली, तर भीमस्वामी थेट तंजावरला गेले. अकराशे मठांचा आकडा परंपरेत सांगितला जातो. तो शब्दशः घेण्याचे कारण नाही.

वेणाबाईंची नेमणूक मात्र आजही आश्चर्य वाटावी अशी आहे. बालविधवेने पुरुषांसमोर उभे राहून कीर्तन करणे त्या काळी लोकापवादास निमंत्रण होते. समर्थांनी त्यांना मिरजेचा मठ दिला. चाफळ व सज्जनगडाचा कारभार पुढे अक्काबाईंनी पाहिला. वेणाबाईंच्या परंपरेतील बयाबाईंचे शिष्य बीडचे गिरिधर यांनी 'समर्थप्रताप' रचला. समर्थांच्या जुन्या चरित्रांत तो महत्त्वाचा मानला जातो.

शिवाजी महाराज व समर्थ यांच्या पहिल्या भेटीविषयी अभ्यासकांत जुना वाद आहे. एक पक्ष १६४९ हे वर्ष धरतो, दुसरा १६७२. चाफळच्या १६७८ च्या सनदेवरही पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. मठांचे कार्य समजून घेण्यासाठी मात्र हा वाद मिटण्याची वाट पाहावी लागत नाही.

१६७६ पासून समर्थांचे वास्तव्य परळीच्या गडावर, म्हणजे सज्जनगडावर होते. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस (इ. स. १६८२) त्यांनी तेथेच देह ठेवला. १७०० मध्ये हा गड मोगलांच्या हाती गेला, तेव्हा अक्काबाईंनी मूर्ती सुरक्षित स्थळी हलविल्याचे संप्रदायात सांगितले जाते. मठोमठी विखुरलेली बाडे पुढे धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी हयातभर हिंडून गोळा केली. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात ती जतन केलेली आहेत. समर्थांनी स्वहस्ते उतरविलेले म्हणून ओळखले जाणारे वाल्मीकि रामायणही तेथेच आहे.

जांबला ठोसरांच्या देवघरातील पंचधातूच्या मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या पूजेत होत्या. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या मंदिरातून चोरीस गेल्या आणि गावात संतापाची लाट उसळली. त्याच वर्षी पोलिसांनी मुख्य मूर्ती हस्तगत केल्या.