डोहाळ्यांची साक्ष

रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा राणी गर्भार राहते आणि माती खाते. दिलीप राजा एकांतात तिच्या मुखाचा गंध घेतो; त्या मृद्गंधाने त्याची तृप्तीच होत नाही. माती का, याचे उत्तर कालिदासाने देऊन ठेवले आहे. पोटातला पुत्र पुढे पृथ्वीचा उपभोग घेणार, म्हणून आईला आधीच पृथ्वीची चव हवीशी झाली. टीकाकार या कल्पनेवर खूश असतात. त्याच्या अलीकडचा श्लोक मात्र आपण चटकन ओलांडतो. तिथे राणी कृश झाली आहे आणि तिचा चेहरा लोध्राच्या फुलासारखा ‘पांडु’ दिसतो आहे. काव्यातल्या राणीची नाडी पाहण्याचा माझा विचार नाही. पण फिकट चेहरा आणि मातीची ओढ ही जोडी कवीने लागोपाठ टिपली आहे, आणि पांडु हेच वैद्यकात एका रोगाचेही नाव आहे.

आपल्या ‘डोहाळे’ शब्दामागे संस्कृतातला ‘दोहद’ आहे. सुश्रुताच्या मते चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि स्त्री दोन हृदयांची होते. तिला जे हवेसे वाटते ते गर्भाचे मागणे. ते पुरवले नाही तर मुलात व्यंग येते, म्हणून पुरवावे. पुढे यादीच आहे: राजदर्शनाची इच्छा झाली तर मूल धनवान, घोरपडीचे मांस मागितले तर झोपाळू, म्हशीचे मागितले तर शूर आणि केसाळ. इच्छेला इतका मान क्वचितच कुणी दिला असेल. पण या सबंध यादीत आईच्या शरीरात काय कमी आहे, हा प्रश्न नाही. डोहाळे बोलतात ते मुलाबद्दल. आपली डोहाळजेवणाची चाल याच समजुतीच्या छायेत वाढली असावी, असे मला वाटते.

चरकाची वाट वेगळी आहे. चिकित्सास्थानाच्या सोळाव्या अध्यायात पांडुरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि पाचवा माती खाण्याने होणारा. पोटात गेलेली माती पचत नाही, स्रोतसे भरून टाकते आणि अडवते; मग बळ, वर्ण, अग्नी क्षीण होतात. सवय सुटत नसेल तर कडुलिंबाची पाने, वावडिंग, अतिविष अशा औषधांची भावना दिलेली मातीच खायला द्यावी, म्हणजे तिचा तिटकारा येईल, असा उपायही आहे. मातीचे वेड असलेला रोगी ज्याने जवळून पाहिला आहे, त्यालाच हे सुचेल. आणि याच अध्यायात नवायस चूर्ण आहे: नऊ औषधांचे नऊ भाग आणि तितकेच भाग लोहचूर्णाचे. म्हणजे मातीची ओढ, पांडुता आणि लोखंड ही तिन्ही एकाच प्रकरणात आहेत. मात्र कार्यकारणाचा बाण एकाच दिशेचा: माती आधी, रोग मागून.

बाण उलटाही असतो, हे कळायला बर्फ उपयोगी पडला. 1968–69च्या सुमारास अमेरिकेत काही डॉक्टरांनी अशा रुग्णांचा अभ्यास केला, ज्यांना दिवसभर बर्फ चघळल्याशिवाय चैन पडत नसे. बहुतेकांच्या रक्तात लोह कमी होते. लोहाची औषधे सुरू केल्यावर, रक्त पुरते भरून येण्याच्या आधीच, बर्फाची इच्छा मावळली. बर्फात लोह नसते. म्हणजे उणीव खरी होती, पण ओढ भलत्याच वस्तूकडे होती. पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, भिंतीचा पोपडा, चुलीची भाजकी माती खाणाऱ्या आपल्याकडच्या स्त्रियांच्या बाबतीतही हा संशय घेतलाच पाहिजे. मातीचे तर दुहेरी आहे. 1968 सालीच तुर्कस्तानातल्या मातीवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की ती माती अन्नातले लोह शरीरात जाऊच देत नाही. चरकाचे ‘अडवणे’ इथे आठवते. ‘आपल्याकडे सगळे होतेच’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी बसणार नाही; त्याचे स्रोतस आणि आजचे आतडे एक नव्हे. निरीक्षण मात्र पक्के होते.

मग शरीर नेमकी वस्तू कधीच मागत नाही का? मागते; मीठ हे त्याचे ठळक उदाहरण. बाल्टिमोरला कर्ट रिश्टर यांनी 1936 साली दाखवले, की अधिवृक्क ग्रंथी काढलेले उंदीर मिठाचे पाणी आपणहून भरपूर पितात आणि त्यावर जगतात. 1940 साली त्यांनी लॉसन विल्किन्स यांच्यासह एका साडेतीन वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. हा मुलगा वर्षाचा असल्यापासून बिस्किटांवरचे मीठ चाटायचा, पुढे मीठ नुसते खायचा; ‘मीठ’ हा त्याच्या पहिल्या शब्दांपैकी एक. रुग्णालयात त्याला सगळ्यांसारखे नेमके जेवण मिळू लागले आणि सात दिवसांत तो गेला. शवविच्छेदनात त्याच्या अधिवृक्क ग्रंथी बिघडलेल्या निघाल्या. शरीर टिकवू न शकणारे मीठ तो स्वतःच भरून काढत होता. घरी त्याचा हट्ट पुरवला गेला, म्हणून तो तेवढा तरी जगला.

सोडियमच्या बाबतीत जीभ अशी नेम धरून मागते. लोहाच्या बाबतीत ती काहीतरी कमी आहे एवढेच सांगते, आणि ते काय हे आपल्याला शोधावे लागते. चरकाने माती न सोडवण्याला ‘लौल्य’ म्हटले, म्हणजे हावरेपणा. लोहाचे औषध हाताशी असताना. आपण ‘जिभेचे चोचले’ म्हणतो. शिवाय ‘माती खाणे’ याला मराठीत जो अर्थ आहे, तो ऐकत वाढलेली बाई पदराआडची ढेकळे कुणाला कशाला दाखवील? 2019–21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गर्भवती स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्यांतल्या कितीजणींना, तुम्ही माती किंवा पेन्सिल खाता का, हे न रागावता कुणी विचारले असेल?