‘सोल-केक’ : एका शब्दाचा व एका देवघेवीचा इतिहास

मृतांच्या नावाने अन्न देण्याची चाल अनेक समाजांत आढळते. परंतु त्या चालीला आधारभूत असलेली श्रद्धाच राज्यसत्तेने रद्द ठरविली, तर त्या अन्नाचे काय होते? इंग्लंडमधील ‘सोल-केक’चा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

‘सोल’ म्हणजे आत्मा. ‘केक’ हा शब्द इंग्रजीत स्कँडिनेव्हियन भाषेतून आला व मध्ययुगात त्याचा अर्थ लहान, चपटी, वाटोळी रोटी असा होता. फ्रान्समधील क्लूनी मठाचा अधिपती ओदिलो (मृत्यू १०४९) याने २ नोव्हेंबर हा सर्व मृत ख्रिस्ती जनांच्या स्मरणाचा दिवस आपल्या मठांत रूढ केला. पुढे तो पश्चिम युरोपभर पसरला. मृतात्मे शुद्धिस्थानात यातना भोगतात व जिवंतांच्या प्रार्थनेने त्यांची लवकर सुटका होते, अशी त्यामागील श्रद्धा होती.

श्रॉपशरमधील लिलेशल मठाचा जॉन मर्क याने चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात रचलेल्या ‘फेस्टियल’ या प्रवचनसंग्रहात या दिवसाच्या अन्नदानाचा उल्लेख केला आहे. पूर्वीचे सज्जन स्त्रीपुरुष रोट्या विकत घेऊन वाटीत, आणि प्रत्येक रोटीगणिक एक आत्मा सुटावा अशी आशा बाळगीत, असे तो म्हणतो. येथे घेणारा केवळ याचक नव्हे. त्याची प्रार्थना हे रोटीचे मोल होते. दाता व मृत या दोघांनाही त्याची गरज होती.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने हा व्यवहार मोडला. मृतांसाठी प्रार्थना चालविणाऱ्या देणग्या १५४७ च्या कायद्याने खालसा झाल्या. १५६३ च्या धर्मसूत्रांनी शुद्धिस्थानाची कल्पना निराधार ठरविली. त्याच शतकाच्या अखेरच्या दशकांतील शेक्सपिअरच्या ‘टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’ या नाटकात सर्वसंतदिनीचा, म्हणजे १ नोव्हेंबरचा, भिकारी रडक्या स्वराच्या उपमेपुरता उरलेला दिसतो. प्रार्थनेचे मोल गेले, तेव्हा घेणाऱ्याची प्रतिष्ठाही गेली, असे म्हणावे लागते.

तथापि रोटी टिकली. जॉन ऑब्री याने १६८६-८७ च्या सुमारास श्रॉपशरमधील चाल नोंदविली आहे : मेजावर सोल-केकची उंच रास रचीत, व येणारा प्रत्येक जण त्यातील एक उचली. त्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या कडव्यात सर्व ख्रिस्ती आत्म्यांसाठी दया मागितलेली होती. म्हणजे निषिद्ध ठरलेली प्रार्थना यमकाच्या आश्रयाने जिवंत राहिली. एकोणिसाव्या शतकात चेशर व श्रॉपशर येथील मुले दारोदार गाणी म्हणत केक, सफरचंदे वा पैसे मागत. या हिंडण्याला ‘सोलिंग’ म्हणत. ‘आत्मा’ या नामापासून ‘मागत फिरणे’ या अर्थाचे क्रियापद बनले, आणि आत्म्याचे स्मरण मात्र त्यातून जवळजवळ लोपले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सिद्धांत कायद्याने रद्द करता येतो. परंतु वर्षातील एका ठरावीक दिवशी दुसऱ्याच्या हातावर रोटी ठेवण्याची सवय त्याहून चिवट असते. श्रद्धा ओसरल्यावरही मृतांचे नाव त्या लहानशा रोटीच्या नावात राहिले.