दिव्यांग तरुणांनो, मुलाखतीला असे जा

उर्दूत ‘मुलाक़ात’ म्हणजे साधी भेट. मराठीत मात्र ‘मुलाखत’ म्हटलं की पोटात गोळा येतो. घरात दिव्यांग मूल असेल तर अम्मी-अब्बूंच्याही येतो. ‘सांगायचं की लपवायचं?’ हा पालकांचा पहिला प्रश्न असतो.

आधी कायदा समजून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगता असेल तर सरकारी नोकरीत किमान ४ टक्के आरक्षण आहे. खाजगी कंपन्यांनाही समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. यूडीआयडी कार्ड नसेल तर ‘स्वावलंबन’ पोर्टलवर आजच अर्ज करा.

सांगायचं का? राखीव जागेसाठी अर्ज असेल तर प्रमाणपत्र द्यावंच लागतं. इतर ठिकाणी सोय हवी असेल तर बोलावणं आल्यावर लगेच ईमेल करा: ‘मी व्हीलचेअर वापरतो, लिफ्ट आहे का?’ किंवा ‘मला सांकेतिक भाषेचा दुभाषी लागेल.’ ही मेहेरबानी नाही, योग्य सोय मिळणं हा हक्क आहे.

काय बोलायचं? आजाराची सगळी कहाणी नको. दोन वाक्यं पुरतात: ‘मला कमी दिसतं. संगणकावर मी स्क्रीन रीडरने काम करते.’ नंतर थेट आपल्या कामावर या. जमल्यास लॅपटॉपवर करून दाखवा. ‘हे काम कसं जमेल?’ असं विचारलं तर चिडू नका, पद्धत सांगा.

रस्ता आधी पाहा. आदल्या दिवशी एक फेरी मारा. लोकलमध्ये दिव्यांगांचा राखीव डबा असतो. घाटकोपरहून अंधेरीला मेट्रो १ बरी पडते, स्टेशनात लिफ्ट आहे. पण स्टेशन ते ऑफिस हा शेवटचा टप्पा, म्हणजे फुटपाथ, पायऱ्या, रिक्षा, डोळ्यांखालून घाला.

पालकांसाठी. सोबत जरूर जा, पण बाहेर बसा. उत्तरं मुलालाच देऊ द्या. घरी सराव घ्या, त्यात अवघड प्रश्नही विचारा.

मदत कुठे? वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था वाक् आणि श्रवण दिव्यांगांसाठी काम करते. हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. अन्याय झाला तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. बोलावण्याचे ईमेल आणि मेसेज म्हणूनच जपून ठेवा.

नकार आला तर? उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. यूपीएससीच्या २०१५ च्या परीक्षेत त्यांचा ७७३ वा क्रमांक आला, पण दृष्टी नाही म्हणून रेल्वेने त्यांना सेवेत घेतलं नाही. त्या पुन्हा परीक्षेला बसल्या, १२४ वा क्रमांक मिळवला आणि आयएएस झाल्या. पास होऊनही नकार मिळू शकतो, हे त्यांच्या बाबतीत दिसलं. तेव्हा एका ‘नाही’वर घरी बसू नका. कुठे अडलं ते त्याच संध्याकाळी वहीत लिहा आणि पुढचा अर्ज भरा.