ऑटिझमचे निदान झाल्यानंतरचे पहिले सहा महिने: वाशिम जिल्ह्यातील पालकांसाठी

मुलाला ऑटिझम (स्वमग्नता) आहे असे कळल्यावर बहुतेक पालक पहिला प्रश्न विचारतात: "तो बरा कधी होईल?" ऑटिझम हा ताप किंवा कावीळ यांसारखा आजार नाही. मुलाच्या मेंदूची वाढच थोड्या वेगळ्या पद्धतीने झालेली असते, म्हणून तो औषधाने जात नाही. पण मूल शिकते. मागणे, बोलणे, खेळणे, स्वतःच्या हाताने जेवणे यांपैकी पुष्कळ गोष्टी त्याला जमू शकतात, आणि लहान वयात हे शिकणे सोपे जाते. त्यामुळे पहिले काही महिने महत्त्वाचे आहेत.

हे कोणामुळे झाले?

कोणामुळेही नाही. आईने गरोदरपणी शेतात काम केले किंवा तिचे लक्ष कमी पडले म्हणून ऑटिझम होत नाही. लसीमुळेही होत नाही. तसा दावा करणारा १९९८ मधील शोधनिबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. राहिलेल्या लसी वेळेवर द्या. घरात कोणी आईला दोष देत असेल, तर त्यांना पुढच्या तपासणीला सोबत घेऊन या आणि डॉक्टरांकडूनच ऐकू द्या.

पहिल्या महिन्यात काय करावे?

- कानाची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. कमी ऐकू येणारे मूलही हाकेला ओ देत नाही.
- झोप, खाणे, बद्धकोष्ठता आणि झटके (फिट) यांबद्दल डॉक्टरांना सांगा. यांवर उपचार होतात.
- सर्व कागद एका फाइलमध्ये ठेवा.
- अंगणवाडीताई, आशाताई किंवा जिल्हा रुग्णालयातील बालरोग विभागात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल विचारा. २०१३ पासून सुरू असलेला हा कार्यक्रम जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पुढील तपासणी व थेरपीसाठी मुलांना त्यातून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते.

थेरपी रोज शक्य नसेल तर?

मानोरा किंवा रिसोड तालुक्यातील गावातून थेरपीसाठी रोज वाशिम वा अकोला गाठणे बहुतेकांना जमत नाही. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तर नाहीच. म्हणून मुलाला नेऊन सोडण्यापेक्षा तुम्ही स्वतः शिकायला जा. प्रत्येक भेटीत थेरपिस्टला तीन गोष्टी विचारा: घरी काय करायचे, दिवसातून किती वेळा, आणि जमते आहे हे कसे ओळखायचे.

घरातली रोजची कामे हीच सरावाची वेळ. पाण्याचा ग्लास लगेच हातात देऊ नका. तो मुलाला दिसेल असा धरा, "पाणी" म्हणा आणि थोडे थांबा. त्याने पाहिले, बोट दाखवले किंवा "पा" म्हटले, तरी लगेच द्या. अंघोळ, जेवण, झोप यांचा क्रम रोज एकच ठेवा. वाक्ये छोटी बोला. मोबाइलमुळे ऑटिझम होत नाही, पण मोबाइलसमोर गेलेला तास माणसांशी देवाणघेवाण करण्यातून कमी होतो. मूल चित्र किंवा खुणा वापरू लागले म्हणून बोलणे मागे पडेल, ही भीती बाळगू नका.

कोणते कागद करावेत?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ऑटिझमचा समावेश आहे. दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. लहान मुलांना बहुधा तात्पुरते प्रमाणपत्र मिळते, त्याची मुदत लिहून ठेवा. प्रमाणपत्र मिळाल्यावर राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत नोंदणी करता येते. त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा असून थेरपीचा काही खर्चही बसतो. प्रमाणपत्रात दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल, तर ६ ते १८ वर्षे वयात जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अंगणवाडी मात्र आत्ताच सुरू ठेवा.

पैसे कुठे घालवू नयेत?

"तीन महिन्यांत पूर्ण बरा" असे सांगणाऱ्यापासून दूर राहा, मग तो मोठ्या शहरातला दवाखाना असो वा गावातला बाबा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस नसल्याचे स्पष्ट केले. अशा उपचारांसाठी शेत गहाण टाकू नका. थेरपी वर्षानुवर्षे लागू शकते, पैसा आणि ताकद तिच्यासाठी जपा.

सुरक्षितता

ऑटिझम असलेली अनेक मुले न सांगता घराबाहेर जातात, आणि त्यांना पाण्याची ओढ असते. विहिरीला कठडा व जाळी, शेततळ्याला कुंपण आणि दाराला उंचावर कडी लावा. शेजाऱ्यांना सांगून ठेवा. मूल दिसेनासे झाले, तर आधी पाण्याच्या जागा पाहा.

लगेच डॉक्टरांकडे कधी जावे?

- झटका आला तर
- येत असलेले शब्द किंवा चालणे अचानक गेले तर
- मूल स्वतःला इजा करत असेल किंवा खाणे-पिणे बंद केले असेल तर

आई-वडिलांपैकी कोणाला सतत रडू येत असेल, झोप लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत, कोणत्याही वेळी बोलता येते. मुलाच्या फाइलइतकीच तुमची तब्येतही महत्त्वाची आहे.